कॉम्प्युटर चित्रं 'जन्माला घालतो', माणूस फक्त निवडतो. मग चित्रकार कोण? उत्क्रांतीतून घडणाऱ्या कलेची गोष्ट

१९९३ सालची गोष्ट आहे. पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरमध्ये एक वेगळंच प्रदर्शन लागलं होतं. अर्धगोलात मांडलेले १६ स्क्रीन, प्रत्येक स्क्रीनवर एक चित्र आणि प्रत्येक स्क्रीनसमोर जमिनीवर बसवलेला एक सेन्सर. प्रेक्षकांनी करायचं काय? तर फिरायचं, चित्रं बघायची आणि जे आवडलं त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं. बस्स.

ज्या चित्रांसमोर कुणीच उभं राहिलं नाही ती गायब व्हायची. जी निवडली गेली ती टिकायची आणि रिकाम्या झालेल्या स्क्रीनवर त्यांची 'पिल्लं' यायची. ही पिल्लं थोडी एका पालकासारखी, थोडी दुसऱ्यासारखी आणि थोडी कुणाचसारखी नाही अशी असायची. मग पुन्हा निवड, पुन्हा नवी पिढी.

या कलाकृतीचं नाव होतं 'जेनेटिक इमेजेस' आणि ती तयार केली होती अमेरिकन कलाकार आणि संशोधक कार्ल सिम्स यांनी. गंमत म्हणजे त्या हॉलमध्ये कुणाच्याही हातात ब्रश नव्हता. स्वतः सिम्सनीही ती चित्रं काढलेली नव्हती. तरीही दर काही मिनिटांनी तिथे नवी चित्रं तयार होत होती.

मग ती चित्रं काढली कुणी?

आज एआय चित्रांवरून जो वाद सुरू आहे, त्यातला हा कळीचा प्रश्न कलाकार आणि संशोधकांना १९८० च्या दशकातच पडला होता. या कलेला 'इव्होल्युशनरी आर्ट' म्हणजेच उत्क्रांती कला म्हणतात. ती चालते कशी, ती कुणी सुरू केली आणि रोज शंभर पोस्ट स्क्रोल करणाऱ्या तुमच्या-आमच्याशी तिचा काय संबंध आहे, हे समजून घेऊया.

आधी निवड म्हणजे काय ते बघू

उत्क्रांती म्हटलं की आपल्याला माकडाचा माणूस होतानाचं ते प्रसिद्ध चित्र आठवतं. पण उत्क्रांतीचं यंत्र चालायला मुळात तीनच गोष्टी लागतात. एक, पिल्लांमध्ये थोडाफार फरक असला पाहिजे. दोन, तो फरक पुढच्या पिढीत उतरला पाहिजे. तीन, काहींना पुढे वाढायची संधी मिळाली पाहिजे आणि काहींना नाही.

निसर्गात ही तिसरी गोष्ट, म्हणजे निवड, कुणी ठरवून करत नाही. पण माणूस ती हजारो वर्षं ठरवून करत आलाय. चार्ल्स डार्विनने १८५९ साली आपला सिद्धांत मांडला, तेव्हा पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात त्याने पाळीव प्राणी आणि कबुतरांचं उदाहरण घेतलं. कबुतरं पाळणारे लोक हवी तशी शेपटी, हवी तशी चोच असलेले पक्षी निवडून त्यांचीच पैदास करत गेले आणि त्यातून ओळखू येणार नाहीत इतक्या वेगळ्या जाती तयार झाल्या.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे आठवा. १९८३ साली त्यांना आपल्या धानाच्या शेतात काही लोंब्या इतरांपेक्षा वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, त्यांचं बी जपलं, पुन्हा पेरलं, पुन्हा निवडलं. काही वर्षांत त्यातून तांदळाचं प्रसिद्ध 'एचएमटी' वाण उभं राहिलं. नाव दिलं त्या काळी सगळ्यांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाच्या ब्रँडवरून.

आता बघा, त्या लोंबीतला बदल दादाजींनी केला नव्हता, तो निसर्गाने केला होता. दादाजींनी तो ओळखला आणि सोडला नाही. तरीही एचएमटीचे जनक आपण त्यांनाच म्हणतो आणि बरोबरच म्हणतो.

उत्क्रांती कला म्हणजे नेमकं हेच. फक्त शेताच्या जागी कॉम्प्युटर आणि धानाच्या जागी चित्रं.

पण चित्राला जनुकं कुठून येणार?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. तो कळला की बाकीचं सोपं आहे.

समजा, कॉम्प्युटरला एक साधी रांगोळी काढायला सांगायची आहे. त्यासाठी आपण त्याला पाच आकडे देतो. पाकळ्या किती, पाकळी किती लांब, किती रुंद, किती वळलेली आणि रंग कोणता. ८, ५, २, ३, १ असे आकडे दिले की एक रांगोळी उमटते. हे पाच आकडे म्हणजे त्या रांगोळीची जनुकं. आणि स्क्रीनवर दिसते ती रांगोळी म्हणजे त्या जनुकांपासून घडलेलं शरीर.

आता यातला एखादा आकडा कॉम्प्युटरने स्वतःच्या मनाने थोडासा बदलला. ८ च्या ९ पाकळ्या केल्या किंवा वळण ३ चं ४ केलं. हे झालं उत्परिवर्तन, म्हणजेच म्युटेशन. रांगोळी साधारण तशीच राहील, पण थोडी वेगळी दिसेल.

किंवा दोन रांगोळ्या घेतल्या. पहिले तीन आकडे एकीचे आणि उरलेले दोन दुसरीचे घेतले. हा झाला संकर. तयार होणारं पिल्लू दोघींवर गेलेलं असेल.

कॉम्प्युटर अशी दहा-वीस पिल्लं काढून समोर ठेवतो. तुम्ही आवडलेली एक-दोन निवडता. त्यांच्यापासून पुढची दहा-वीस. असं पन्नास वेळा केलं की तुम्ही सुरुवातीच्या रांगोळीपासून इतक्या लांब आलेले असता की ती रांगोळी तुम्हाला कुणी सांगून काढता आली नसती आणि तुम्हाला स्वतःलाही सुचली नसती.

यात कॉम्प्युटरला सौंदर्य कळत नाही. त्याला फक्त आकडे बदलता येतात. आणि तुम्हाला आकडे कळायची गरज नाही. तुम्हाला फक्त 'हे बरं दिसतंय' एवढं म्हणता आलं पाहिजे.

झाडं काढायला गेला आणि किडे सापडले

ही कल्पना लोकांपर्यंत पोहोचवली ती एका जीवशास्त्रज्ञाने. ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांचं 'द ब्लाइंड वॉचमेकर' हे पुस्तक १९८६ साली आलं. छोटे छोटे बदल साठत गेले तर त्यातून गुंतागुंतीची रचना कशी उभी राहते, हे त्यांना वाचकांना पटवून द्यायचं होतं. त्यासाठी त्यांनी एक कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिला.

प्रोग्रॅम अगदी साधा होता. एक रेघ काढायची, तिला दोन फांद्या फोडायच्या, त्या फांद्यांना पुन्हा दोन. फांदीची लांबी, कोन, किती वेळा फुटायचं वगैरे ठरवणारी फक्त ९ जनुकं. स्क्रीनवर मध्यभागी आई आणि भोवती तिची थोडी थोडी बदललेली पिल्लं. डॉकिन्स त्यातलं एक निवडायचे, मग ते मध्यभागी यायचं आणि पुन्हा नवी पिल्लं तयार व्हायची.

फांद्या फुटणारा प्रोग्रॅम असल्यामुळे फार तर झाडासारखे आकार मिळतील, अशी त्यांची अपेक्षा होती. पण पिढ्या पुढे सरकल्या आणि स्क्रीनवर चक्क किडे दिसायला लागले. पाय, पंख, मिशा असलेले. या आकारांना 'बायोमॉर्फ' हे नाव मिळालं.

यात एक धडाही होता. त्या रात्री सापडलेल्या किड्यांची जनुकं डॉकिन्सनी नोंदवूनच ठेवली नव्हती. ते आकार पुन्हा मिळवायला त्यांना चांगलीच शोधाशोध करावी लागली. अवघी ९ जनुकं, प्रोग्रॅम स्वतःचाच, तरी हरवलेली वाट सापडायला कठीण. कारण तो किडा त्यांनी 'काढला' नव्हता. शक्यतांच्या मोठ्या जंगलात फिरताना तो त्यांना भेटला होता.

डॉकिन्स स्वतः एक गोष्ट स्पष्ट सांगतात. निसर्गात असं कुणी स्क्रीनसमोर बसलेलं नसतं. बायोमॉर्फमध्ये माणसाचा डोळा निवड करतो, त्यामुळे ही नैसर्गिक निवड नाही, तर कबुतरं पाळणाऱ्यांसारखी कृत्रिम निवड आहे. वैज्ञानिकासाठी ही या प्रयोगाची मर्यादा होती. कलाकारांसाठी मात्र इथेच दार उघडलं.

कलाकार की माळी?

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेला विल्यम लॅथम हा तरुण साधारण त्याच काळात कॉम्प्युटरशिवाय हेच करत होता. तो मोठमोठ्या कागदांवर हाताने वंशवृक्ष काढायचा. वर शंकू, घन, गोल असे साधे आकार. मग त्यांच्यावर ठरलेले नियम लावायचे. इथे फुगवा, इथे काप काढा, इथे चोच काढा. एकेका आकारापासून खाली शाखा फुटत जायच्या.

पुढे १९८७ साली लॅथम इंग्लंडमधल्या विंचेस्टर इथल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात दाखल झाला. तिथे त्याला गणित आणि प्रोग्रॅमिंग जाणणारे स्टीफन टॉड भेटले. दोघांनी मिळून 'म्युटेटर' नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं. आता आकार कागदावर नाही, तर कॉम्प्युटरच्या आत त्रिमितीमध्ये वाढायला लागले. शंख, शिंगं, समुद्रातले जीव आणि परग्रहावरच्या वनस्पती यांच्या मधलं काहीतरी वाटावं, अशी ती शिल्पं होती. प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेली.

या दोघांनी कलाकाराची तुलना माळ्याशी केली. माळी फूल बनवत नाही. तो बी निवडतो, कलम करतो, नको ते उपटून टाकतो आणि बाग त्याची असते. लॅथम मात्र दोन भूमिकांत होता. झाड कसं वाढू शकतं याचे नियमही त्याचेच आणि बागकामही त्याचंच. हा फरक लक्षात ठेवा, पुढे मालकीच्या प्रश्नात तो कामाला येणार आहे.

कार्ल सिम्सनी काय वेगळं केलं?

डॉकिन्सच्या प्रोग्रॅममध्ये जनुकं ठरलेली होती. ९ म्हणजे ९. आकडे बदलतील, पण प्रोग्रॅमचा साचा तोच. १९९१ साली कार्ल सिम्सनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि हा साचाच मोडला.

सिम्सच्या पद्धतीत जनुक म्हणजे आकड्यांची यादी नव्हती, तर चक्क गणिताचं सूत्र होतं. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला दोन आकडे असतात, तो डावीकडून किती आत आहे आणि खालून किती वर आहे. हे दोन आकडे सूत्रात टाकायचे आणि जे उत्तर येईल तो त्या ठिपक्याचा रंग. असं प्रत्येक ठिपक्यासाठी केलं की पूर्ण चित्र तयार होतं.

आता बदल करायचा तो या सूत्रात. बेरजेच्या जागी गुणाकार, एखाद्या आकड्याच्या जागी अख्खं नवं सूत्र, एका चित्राच्या सूत्राचा तुकडा दुसऱ्याच्या सूत्रात. त्यामुळे सूत्रं पिढ्यानपिढ्या लांब आणि गुंतागुंतीची होऊ शकत होती. चित्रं किती वेगळी होऊ शकतात याला जवळपास मर्यादाच उरली नाही. ढगांसारखी, संगमरवरासारखी, पाण्यात पसरणाऱ्या शाईसारखी, तर कधी कशासारखीच नाहीत अशी चित्रं त्यातून आली.

त्या काळी हे गणित साध्या पीसीला झेपणारं नव्हतं. सिम्स तेव्हा 'थिंकिंग मशिन्स' या कंपनीत होते आणि त्यांच्या हाताशी 'कनेक्शन मशीन' हा सुपरकॉम्प्युटर होता. हजारो प्रोसेसर एकाच वेळी चित्रातले ठिपके काढायचे. पॉम्पिदू सेंटरमधल्या त्या १६ स्क्रीनमागेही हाच सुपरकॉम्प्युटर होता. पुढे १९९७ मध्ये सिम्सनी टोकियोत 'गॅलापागोस' नावाची अशीच कलाकृती मांडली. तिथे १२ स्क्रीनवर चित्रांऐवजी हलणारे, वळवळणारे त्रिमितीय जीव होते.

यात एक मजेची गोष्ट होती. चांगलं चित्र मिळाल्यावर त्याचं सूत्र वाचून ते असंच का दिसतं, हे सांगणं अनेकदा अवघड असायचं. म्हणजे ज्या चित्राला समजून-उमजून कुणी लिहिलेलं नाही, तेही माणसाला आवडू शकत होतं.

मग निवडही कॉम्प्युटरलाच करू दिली तर?

हा प्रश्न साहजिक आहे, कारण माणूस थकतो. वीस चित्रं बघायला मजा येते, दोनशे बघताना डोळे जड होतात, दोन हजारांनंतर सगळं सारखंच दिसायला लागतं. कॉम्प्युटर सेकंदात पिढी तयार करतो आणि माणूस मिनिटभर विचार करतो. या क्षेत्रातली ही सगळ्यात जुनी अडचण आहे.

जिथे 'चांगलं' म्हणजे काय हे मोजता येतं, तिथे माणसाची गरज नसते. २००६ मध्ये नासाने अवकाशात पाठवलेल्या 'एसटी५' मोहिमेतल्या छोट्या उपग्रहांवरचा अँटेना उत्क्रांतीच्या पद्धतीने तयार केलेला होता. दिसायला वेडीवाकडी वाकवलेली पेपरक्लिप. पण सिग्नल किती चांगला मिळतो हे मोजता येत असल्यामुळे कॉम्प्युटर स्वतःच निवड करत गेला.

चित्रातही एक मोजमाप करता येतं. २००८ च्या डिसेंबरमध्ये रॉजर अल्सिंग या प्रोग्रॅमरचा प्रयोग इंटरनेटवर व्हायरल झाला होता. त्याने कॉम्प्युटरला सांगितलं, ५० अर्धपारदर्शक बहुकोनी आकार घे, त्यात वाटेल तसा छोटा बदल कर. बदलानंतर चित्र 'मोनालिसा'च्या जास्त जवळ गेलं तर बदल ठेव, नाहीतर टाकून दे. सुमारे ९ लाख पिढ्यांनंतर त्या ५० तुकड्यांमधून मोनालिसा ओळखू यायला लागली.

बघायला भारी. पण थोडा विचार करा. इथे नवीन काय मिळालं? उत्तर आधीच माहीत होतं. मोनालिसा दा विंचीची होती आणि कॉम्प्युटर तिच्यापर्यंत चाचपडत पोहोचला. ध्येय ठरलेलं असेल तर कॉम्प्युटर एकटा निवड करू शकतो. पण ध्येय ठरलेलं असेल तर शोध लागत नाही.

मग माणसाची आवडच कॉम्प्युटरला शिकवली तर? १९९४ मध्ये शुमीत बालुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोही प्रयत्न केला. माणसाने केलेल्या निवडी दाखवून एका न्यूरल नेटवर्कला आवड शिकवायची आणि मग त्यालाच निवडायला लावायचं. वाचून ओळखीचं वाटतंय ना? 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणणारं प्रत्येक ॲप आज हेच करतं.

एलियनची कार कशी झाली?

इंटरनेट घराघरात आलं आणि थकण्यावर वेगळा उपाय सापडला. एक माणूस थकतो, पण हजार माणसांनी थोडं थोडं निवडलं तर?

१९९९ मध्ये स्कॉट ड्रेव्ह्स यांनी 'इलेक्ट्रिक शीप' नावाचा स्क्रीनसेव्हर आणला. जगभरातले कॉम्प्युटर रिकामे असताना मिळून अमूर्त, वाहत्या आकारांची ॲनिमेशन्स तयार करायचे. प्रत्येक ॲनिमेशन म्हणजे एक मेंढी. आवडली तर कीबोर्डवरचा वरचा बाण, नाही आवडली तर खालचा. ज्या मेंढ्यांना जास्त मतं, त्या जास्त जगायच्या आणि त्यांनाच पिल्लं व्हायची. लाईक आणि डिसलाईकवर चालणारी कला, तीही फेसबुकचा जन्म व्हायच्या पाच वर्षं आधी.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे २००७ मधली 'पिकब्रीडर' ही वेबसाइट. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडामध्ये केनेथ स्टॅन्ली आणि त्यांच्या टीमने ती तयार केली. इथे कुणीही कुणाचंही चित्र उचलून तिथून पुढची पैदास सुरू करू शकत होतं. लोकांना ठिपक्यांपासून आणि डागांपासून कवटी, फुलपाखरू, चेहरे असे ओळखू येणारे आकार मिळायला लागले.

एक दिवस स्टॅन्ली स्वतः तिथे बसले होते. त्यांनी कुणीतरी तयार केलेला एलियनचा चेहरा उचलला आणि आणखी एलियन मिळवायला पुढे निवडत गेले. पिढ्या बदलताना त्या चेहऱ्याचे डोळे खाली सरकले आणि स्टॅन्लींच्या लक्षात आलं की ते डोळे चाकांसारखे दिसताहेत. थोडं आणखी निवडलं आणि समोर चक्क एक कार उभी होती.

आता गंमत बघा. कार हवी म्हणून कुणी सुरुवात केली असती, तर त्याने एलियनचा चेहरा कधीच निवडला नसता. कारण तो कारसारखा दिसत नाही.

संशोधकांनी हे तपासूनही पाहिलं. पिकब्रीडरवर लोकांना सापडलेली चित्रं कॉम्प्युटरला ध्येय म्हणून दिली आणि सांगितलं, याच्या जवळ जात राहा. कवटी, फुलपाखरू यांसारख्या चित्रांपर्यंत कॉम्प्युटर नीट पोहोचूच शकला नाही. माणसं मात्र ध्येय न ठेवता तिथे सहज पोहोचली होती, कारण वाटेत जे रंजक दिसलं ते त्यांनी सोडलं नाही. याच अनुभवावरून स्टॅन्ली आणि जोएल लेहमन यांनी २०१५ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा सारांश असा की, मोठ्या गोष्टी ठरवून मिळतातच असं नाही, वाटेतल्या रंजक पायऱ्या ओळखाव्या लागतात.

आजच्या एआय चित्रांपेक्षा हे वेगळं कसं?

आजचे एआय टूल इंटरनेटवरच्या प्रचंड संख्येतल्या चित्रांवरून शिकलेले असतात. तुम्ही शब्दांत मागता आणि ते चित्र देतात. डॉकिन्स किंवा सिम्सचा प्रोग्रॅम कुणाच्याही चित्रावरून शिकलेला नव्हता. त्याच्याकडे फक्त नियम होते. त्यामुळे 'माझं चित्र चोरलं' असं तिथे कुणी म्हणू शकत नव्हतं.

मधला पूलही आहे. २०१८ मध्ये जोएल सायमन यांनी 'गॅनब्रीडर' सुरू केलं, जे पुढे 'आर्टब्रीडर' झालं. इथे चित्रांची पैदास पिकब्रीडरसारखीच होते, पण पिल्लं तयार करणारं मॉडेल फोटोंवरून शिकलेलं आहे.

आणि तुम्ही एखाद्या एआय टूलमध्ये चार पर्याय मागता, त्यातला एक निवडून 'याच्यासारखी आणखी दाखव' म्हणता, तेव्हा तुम्ही नकळत डॉकिन्सच्याच खुर्चीत बसलेले असता.

मग मालकी कुणाची?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पॉम्पिदूमधली चित्रं कुणाची? नियम लिहिणाऱ्या सिम्सची? समोर उभं राहणाऱ्या प्रेक्षकाची? की कॉम्प्युटरची?

कॉम्प्युटरची नाहीत, यावर कायद्याचं बऱ्यापैकी एकमत आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये एका न्यायालयाने स्पष्ट केलं की, माणसाचा हात नसलेल्या, पूर्णपणे यंत्राने तयार केलेल्या चित्राला कॉपीराइट मिळत नाही. त्याच वर्षी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने एआय चित्रं वापरलेल्या एका कॉमिकबद्दल निर्णय दिला. सुटी सुटी चित्रं लेखिकेची मानली नाहीत, पण तिचा मजकूर आणि चित्रांची तिने केलेली निवड व मांडणी यांना मात्र संरक्षण दिलं.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार कॉम्प्युटरने तयार केलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती तयार व्हायला 'कारणीभूत ठरणारी व्यक्ती'. आता कारणीभूत कोण, नियम लिहिणारा की निवडणारा? लॅथमच्या बाबतीत हा प्रश्न सोपा होता, कारण म्युटेटरचे आकार आणि निवड दोन्हींत तो होता. पिकब्रीडरवरच्या कारच्या बाबतीत अवघड आहे. एलियन एकाचा, कार दुसऱ्याची आणि त्याआधीच्या पिढ्या आणखी कुणाकुणाच्या. पिकब्रीडरने यावर आपल्यापुरता साधा मार्ग काढला होता. प्रत्येक चित्राचा वंशवृक्ष जपून ठेवायचा, म्हणजे कुणाच्या खांद्यावर कोण उभा आहे हे दिसत राहतं.

आणि तुमच्या फीडचं काय?

आता फोन हातात घ्या आणि आपली फीड बघा.

एखादं मीम येतं. लोक त्याची शंभर रूपं करतात. त्यातल्या दोन-तीन रूपांवर लाईक पडतात, तीच पुढे दिसतात, त्यांच्याच नकला होतात. बाकीची मरतात. फरक, वारसा आणि निवड, तिन्ही गोष्टी इथे आहेत. एखाद्या रीलवर तुम्ही तीन सेकंद जास्त थांबलात, तर पॉम्पिदूमधल्या त्या सेन्सरवर उभं राहिल्यासारखंच आहे.

फक्त दोन फरक आहेत. पॅरिसमधल्या प्रेक्षकाला माहीत होतं की आपण निवडतोय. आपल्याला बहुतेक वेळा ते जाणवत नाही. आणि तिथे कुठलंही ध्येय ठरलेलं नव्हतं. इथे आहे, तुम्ही जास्तीत जास्त वेळ ॲपवर थांबावं हे. मोनालिसाच्या प्रयोगासारखं एकच मोजमाप धरून सगळं त्या दिशेने सरकत राहतं. मग सगळ्या रील्स सारख्याच का वाटायला लागतात, याचं नवल वाटायला नको.

एआयमुळे आता पिल्लं तयार करणं जवळपास फुकट झालंय. मिनिटाला शंभर चित्रं, शंभर गाणी, शंभर कॅप्शन. जेव्हा तयार करणं स्वस्त होतं, तेव्हा निवडणं महाग होतं. काय ठेवायचं, काय टाकायचं आणि सगळे ज्याच्याकडे दुर्लक्ष करताहेत त्यात काही आहे का, हे ओळखणारा डोळा कॉम्प्युटरकडे अजून तरी आपल्यामुळेच येतो.

करून बघायचं असेल तर कॉम्प्युटरही लागत नाही. वहीच्या पानावर एक साधं फूल काढा. खाली त्याचीच सहा रूपं काढा, प्रत्येकात एकच छोटा बदल. काय बदलायचं ते फासा टाकून ठरवा. सहापैकी जे 'सुंदर' आहे ते नको, जे जरा विचित्र वाटतंय ते निवडा आणि त्याची सहा रूपं काढा. दहाव्या पिढीला पहिल्या फुलाशी ताडून बघा.

ते दहावं चित्र तुम्ही ठरवून काढलेलं नसेल. पण ते तुमच्याशिवाय तयारही झालं नसतं. शेतातली ती वेगळी लोंबी बाजूला काढणाऱ्या माणसाचं काम नेमकं काय होतं, हे तेव्हा जास्त चांगलं कळेल.